भावाची उडी

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. पण कुंकवाला लागणारी हळद तिथल्या शिवारात पिकत नाही. तो पट्टा ज्वारीचा, कमी पावसाचा. त्यामुळे खऱ्या हळदीचं कुंकू करणाऱ्याची जोखीम गावाबाहेर, सांगली-निजामाबादच्या लिलावात ठरते. पुडीची किंमत रोज बदलता येत नाही, हळदीचा भाव मात्र रोज बदलतो. पुढच्या चार महिन्यांत तो किती हलेल?

या प्रश्नाला पहिलं गणिती उत्तर 1900 साली पॅरिसमध्ये लुई बाशलिए यांनी दिलं. सरकारी रोख्यांवरच्या त्यांच्या प्रबंधात भावाची प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीपासून स्वतंत्र मानली होती. अशी असंख्य लहान पावलं एकत्र आली की अनिश्चितता काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार महिन्यांची अनिश्चितता एका महिन्याच्या दुप्पट. कल्पना सुंदर होती आणि हिशेबाला सोपी. अर्धं शतक ती अडगळीत राहिली, आणि 1973 मध्ये ब्लॅक, शोल्स व मर्टन यांनी पर्यायांच्या (ऑप्शन्सच्या) किमतीचं गणित याच घराण्यातल्या गृहीतावर उभारलं.

या गृहीताला तडा मात्र त्याआधीच गेला होता, आणि तोही कापसामुळे. बेन्वा मांडेलब्रॉ यांनी कापसाच्या भावांच्या जुन्या नोंदी तपासून 1963 मध्ये दाखवलं की या गणितातला घंटाकार वक्र ज्या उड्या जवळजवळ अशक्य ठरवतो, त्या बाजारात पुन्हा पुन्हा येतात. शिवाय मोठी उडी एकटी येत नाही. तिच्या मागोमाग दुसरी मोठी उडी येते, मग ती वर असो की खाली. माझ्या मते बाजाराविषयीच्या विचारातलं हे सर्वांत मोलाचं वळण आहे. 19 ऑक्टोबर 1987 रोजी अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, तेव्हा कुठे ते अनेकांना पटलं.

हळदीत तर उडीचं कारण डोळ्यांसमोर असतं. लागवड मे-जूनला, पीक हाती यायला आठ-नऊ महिने. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळीकडे हळद लागते आणि सगळा माल एकदमच बाजारात येतो. 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेलेला भाव दोन वर्षांत चार हजारांच्या आसपास उतरला होता. इथे आजच्या भावाला कालच्या भावाची आठवण असते, कारण मधे शेतकऱ्याचा निर्णय असतो. स्वतंत्र पावलांचं गृहीत इथे टिकत नाही.

जोखीम वाटून घेण्याची जुनी सोय सांगलीजवळच्या हरिपूरला होती. जमिनीत खोल पेव खणायचं, आत हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचं. हवा नसल्याने कीड लागत नाही. मंदीत माल पुरून ठेवायचा, तेजीत काढायचा. एखादं पेव बिघडलं तरी बाकीची शाबूत, असा भरवसा होता. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि एकाच नदीकाठची ती सगळी एकाच वेळी धोक्यात आली. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या बाबतीत मोठमोठ्या बँकांची हीच चूक उघडी पडली: कर्जं वेगवेगळी, पण बुडायचं कारण एकच.

आज एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचे वायदे आहेत. सौदा पाच टनांचा, लहान कारखानदाराला एकट्याला जड जाणारा. त्यावरचं मार्जिन, म्हणजे आधी भरायची अनामत, बरंचसं अलीकडच्या चढउतारावरून ठरतं. म्हणजे बाजार शांत असताना ते थोडं, आणि उडी बसली की नेमक्या अडचणीच्या दिवसांत वाढलेलं. मोठ्या व्यापाऱ्याला ते झेपतं. लहान कारखानदाराचं खेळतं भांडवल त्यात अडकतं, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

केमच्या कारखानदारांनी एकत्र खरेदी केली तर पाच टनांचा अडसर दूर होईल. उडी मात्र तशीच राहील, कारण सगळ्यांना हळद एकाच हंगामात लागते आणि महागते ती सगळ्यांनाच. तिच्यासाठी खरेदीच्या वेळा आणि साठ्याची गावं वेगळी ठेवावी लागतील, आणि एका बाजारात भाव उडाला तेव्हा दुसऱ्या बाजारांत काय झालं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी बाजार समित्यांकडून मिळवाव्या लागतील.