उशाशीं बसलेल्या बाईचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील भगिनीनें मला ओट्यावर बोलावून हलक्या आवाजांत विचारिलें, "पाळकसाहेब, यांचा श्वास एकदांचा थांबावा, असें काल रात्रीं माझ्या मनांत आलें. हा खून झाला काय?" बंधूचा द्वेष करणाऱ्याविषयीं योहानाच्या पहिल्या पत्रांत जें लिहिलें आहे, तें तिला डाचत होतें.

तिच्या पतीचें यकृत निबर झालें होतें. अशा दुखण्यांत पोटांत पाणी सांठतें. त्याला आपण जलोदर म्हणतों. तें पाणी छातीखालचा पडदा वर रेटतें. कधीं कधीं फुप्फुसाभोंवतींहि, बहुधा उजव्या बाजूस, पाणी जमतें. मग आडवें झालें कीं माणूस गुदमरतो. तो गृहस्थ भिंतीला टेकून रात्र काढी, आणि ती त्याच्या पाठीला आधार देऊन बसे. पहांटे भाकरी, मग खुरपणी. असे सात महिने गेले होते.

गांव म्हणे, दारूचें फळ. तो पीत होता काय, हें मीं विचारिलें नाहीं. काविळीच्या कांहीं विषाणूंनीं व यकृतांत सांठलेल्या चरबीनेंहि हा रोग होतो. आणि दारूनेंच झाला असला, तरी गुदमरणाऱ्याला वारा घालण्यापूर्वीं हिशेब कोण मागेल? जन्मांधाविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें तो मोडून काढिला.

आतां तिचा प्रश्न. कोणी उपदेशक म्हणतील, विश्वास उणा पडला. मला तसें वाटत नाहीं. योहान द्वेषाविषयीं बोलतो. हिला द्वेष नव्हता, झोप नव्हती. त्या इच्छेंत त्याची सुटका किती व तिची स्वतःची किती, हें तिला सांगतां येईना, व मलाहि आलें नाहीं. परंतु तो विचार येतांच ती उठली, आणि तिनें त्याची उशी उंच केली. मात्र दुकानांतून झोपेची गोळी आणून द्यावी, असेंहि तिच्या मनांत होतें. तें मीं घाईनें मना केलें; निबर यकृताला ती गोळी पचत नाहीं, भ्रम होतो, शुद्धहि जाते.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायांत मोशेचे हात जड झाले. अहरोन व हूर ह्यांनीं त्याला अविश्वासी म्हटलें नाहीं. बसावयास धोंडा दिला व दोहोंकडून हात धरिले. आमच्या मंडळीनें मात्र सात महिने दर रविवारीं त्या घरासाठीं प्रार्थना केली, आणि एकाहि रात्रीं तेथें कोणी बसलें नाहीं. त्यांत मीहि आलों. पाप शोधावयाचें तर तें येथें आहे.

आठवड्यांतून दोन रात्री मंडळींतील दोघांनीं बसावें, असें त्याच रविवारीं ठरलें. त्यांना सांगितलें: उशी उंच असावी, मीठ कमी, लोणचें-पापड बंद. धाप एकाएकीं वाढली, ताप आला, बोलणें असंबद्ध झालें, काळी शौच किंवा रक्ताची ओकारी झाली, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. डॉक्टर सुईनें पाणी काढितात. तें पुन्हा भरतें, तरी कांहीं दिवस श्वास मोकळा होतो. एखाद्याला उलट बसल्यानें धाप लागते व निजल्यानें बरें वाटतें. तोहि दोषच, डॉक्टरांस सांगावा.

पहिल्या रात्रीं ती बाई आंतल्या खोलींत निजावयास गेली. दोनदां उठून दारापर्यंत आली, श्वास ऐकला, आणि परत गेली.