नाव : आईवडिलांची पहिली भेट



अपत्य ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे आणि त्याला चांगल्या अर्थाचे नाव देणे हे आईवडिलांचे आद्य कर्तव्य आहे. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवणे ही सुन्नत होय.

अल्लाहला अब्दुल्लाह व अब्दुर्रहमान ही नावे सर्वाधिक प्रिय आहेत, असे हदीसमध्ये आले आहे. ‘अब्द’ म्हणजे दास. अब्दुर्रज्जाक म्हणजे अन्नदात्याचा दास. परंतु आपल्या घरांतून हाक काय ऐकू येते? ‘ए रज्जाक!’ रज्जाक तर खुद्द अल्लाहचे गुणनाम! दास गळून पडला आणि मालकाचे नाव आपण दासाला बहाल केले. नुसते ‘अब्दुल’ म्हणावे, तर दास कोणाचा, हेच अधांतरी राहते. बंधू-भगिनींनो, पूर्ण नावाने हाक मारण्यास क्षणभरच अधिक लागतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव ‘आसिया’ होते. त्याचा अर्थ अवज्ञा करणारी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते बदलून ‘जमीला’ ठेवले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे ‘आसिया’ हे नाव अरबीत वेगळ्या अक्षरांनी लिहितात. देवनागरीत हा भेद दिसत नाही. त्या पुण्यवान स्त्रीच्या स्मरणार्थ मुलीचे नाव ठेवले असेल तर शंका बाळगू नये.

‘हज्न’ म्हणजे खडबडीत, कठीण. या नावाच्या गृहस्थांना प्रेषितांनी (स.) ‘सहल’, म्हणजे सुलभ, हे नाव सुचविले. वडिलांनी दिलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. पुढे त्यांचे नातू सईद बिन मुसय्यिब यांनी सांगितले, की त्यानंतर आमच्या घराण्यात कठोरता राहिलीच.

केवळ अनोखे वाटते म्हणून अर्थ न पाहता नाव ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा. तसेच, सुंदर नाव ठेवून मुलाला रंगावरून वा व्यंगावरून हिणवणे ही कसली माया? टोपणनावांनी एकमेकांस चिडविण्यास सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट मनाई आहे.

शेवटी हेही ध्यानी घ्यावे, की ‘खदीजा’ या शब्दाचा मूळ अर्थ मुदतीपूर्वी जन्मलेली, एवढाच आहे. आज ते नाव उच्चारताच निष्ठा, औदार्य आणि धैर्य डोळ्यांपुढे उभे राहते. हा अर्थ शब्दकोशाने नव्हे, हजरत खदीजा (रजि.) यांच्या आचरणाने दिला. नाव आपण देऊ. त्याला साजेसे संस्कारही आपणच द्यावेत. अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.