काट्याला काय दिसतं?

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोन पंथ आहेत. एक पळणाऱ्यांचा, दुसरा वजनं उचलणाऱ्यांचा. वजन उतरवायला कार्डिओ बरं की वेट ट्रेनिंग, हा वाद डबे उघडल्यापासून ते धुवून होईपर्यंत चालतो. मीही बरीच वर्षं पहिल्या पंथाकडून भांडलो आहे. हल्ली मात्र वाटतं, की हा प्रश्न जितका व्यायामाचा आहे तितकाच नीतीचाही आहे, आणि आपण त्याचा दुसरा भाग न बोलताच निकालात काढतो.

मी साताऱ्याचा, आजोळ सांगलीचं. पुण्यात नोकरीला लागल्यावर दोन वर्षांत ८४ किलोंवर गेलो. लॉकडाऊनमध्ये घरी परतलो, आणि निर्बंध सैल झाल्यावर पळायला सुरुवात केली. साताऱ्यात पळण्याची हवाच आहे. २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि वळून परत यायचं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी आठवडाभर पळायला जाऊन पाहिलं होतं. मी त्यातलाच एक, फक्त चार वर्षं उशिरा. पळणं सुरू झालं, रात्रीचं जेवण अर्ध्यावर आलं, रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा एक्सेलमध्ये भरणं सुरू झालं. दीड वर्षात ७३. आलेख इतका सुंदर उतरत गेला होता की मी तो लोकांना दाखवत असे.

साताऱ्यात जो भेटेल तो म्हणे, "बारीक झालास की! मानलं तुला." सांगलीत आजी म्हणाली, "लई वाळलास की रं. पुण्यात खायाला घालत न्हाईत व्हय?" माणूस तोच आणि वजनही तेच, पण एका गावात शाबासकी मिळाली आणि दुसऱ्या गावात कीव.

२०२२ च्या उन्हाळ्यात सांगलीला गेलो असताना आजी न्हाणीत घसरून बसली. सुदैवाने मोडलं काही नव्हतं. घरात मी एकटाच होतो. काखेत हात घालून उचलायला गेलो, अर्ध्यापर्यंत उठवलं आणि तिच्यासकट परत खाली बसलो. दुसऱ्यांदाही तेच. घाट न थांबता चढणारे माझे पाय आणि फुप्फुसं तिथे काही कामाची नव्हती. शेवटी शेजारचे काका आले. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे, पन्नाशी उलटलेले, चांगलं पोट सुटलेले. त्यांनी गुडघे वाकवले, आजीला अंगाशी धरलं आणि पोतं ठेवावं तितक्या सहज तिला खुर्चीत बसवलं. जाताना मला म्हणाले, "पाठीनं नाही, पायानं उचलायचं असतंय."

त्याच जुलैत सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. ५५ किलो वजनगटातल्या या मुलाने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. पुढच्या प्रयत्नांत कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. गावात सगळे त्या एका किलोबद्दल हळहळत होते. मी विचार करत होतो तो पंचावन्न या आकड्याबद्दल. पंचावन्न किलोंचं शरीर काय काय करू शकतं, याबद्दल काटा एक अक्षर बोलत नाही.

सवयीप्रमाणे मी मग आकडे शोधले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वजन जास्त असलेल्या आणि व्यायाम न करणाऱ्या माणसांचे तीन गट करून त्यांना आठ महिने व्यायाम दिला. ११९ जणांनी तो पूर्ण केला. कार्डिओवाल्यांचं वजन सरासरी पावणेदोन किलोंच्या आसपास उतरलं. नुसती वजनं उचलणाऱ्यांचं उलट पाऊण किलोच्या वर वाढलं, कारण त्यांचे स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांची चरबी घटली आणि स्नायूही वाढले, पण त्यांना वेळ जवळजवळ दुप्पट द्यावा लागला. म्हणजे काट्यावर पाहिलं तर कार्डिओ जिंकतो, यात वाद नाही. पण विजय ठरवणारा काटा आहे. त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. आणि आठ महिन्यांत पावणेदोन किलो! माझे अकरा किलो पळण्यापेक्षा अर्ध्या जेवणाने उतरले होते, आणि त्यात काय काय उतरलं ते न्हाणीत कळलं.

इथवर हा फक्त चुकीचं माप निवडल्याचा प्रश्न होता. तो नीतीचा झाला आईमुळे.

आई पन्नास किलोंची आहे. लग्नानंतरच्या फोटोत जशी तशीच आजही. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. नातेवाईक म्हणायचे, "तू तर बारीक आहेस, तुला कसा झाला? गोड फार खातेस का गं?" ती हसून सोडून द्यायची, पण लग्नकार्यात गोळी घेताना तोंड फिरवून घ्यायची. चोरी केल्यासारखी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका पानाचा मजकूर छापला. त्यात दोघांचा शेजारी शेजारी फोटो आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल गमतीने लिहिलं, की त्यांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत जाऊन गाठणं. पण त्याच पानावर दुसरीही एक शक्यता आहे. ते जन्मले तेव्हा वजनाने कमी होते, आणि आईच्या पोटात असताना झालेली उपासमार पुढे चरबीच्या रूपाने दिसत असेल. पुण्याजवळच्या गावांमध्ये त्यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी होती, पण चरबी मात्र त्यांनी तुलनेने राखून ठेवलेली होती.

माझी आजी मूळची जत तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. आई १९७३ ची. एका घराच्या गोष्टीतून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण "गोड खातेस का?" या प्रश्नाइतकाच "तुझी आई तेव्हा काय खात होती?" हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे, आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ साली 'नैतिक नशीब' या कल्पनेवर लिहिलं. जे आपल्या हातात नव्हतं त्याचं श्रेय किंवा दोष माणसाला द्यावा का, असा तो पेच आहे. शरीराच्या बाबतीत आपण तो रोज सोडवतो आणि बहुतेकदा चुकीचा सोडवतो. मला मिळालेली "मानलं तुला" ही शाबासकी माझ्या निग्रहाला होती. पण घरून काम, सकाळचा मोकळा तास आणि मोजून वाढणारी आई हे सगळं मला आयतं मिळालं होतं. हळदीची पोती वाहणाऱ्या काकांना दिवसभर श्रम करून पोटावरून टोमणे मिळतात.

मग सगळं नशिबावर टाकून भडंग खात बसायचं का? हा आक्षेप खरा आहे. मला वाटतं दोष आणि जबाबदारी यांत फरक करायला हवा. दोष मागे बघतो, तुझं शरीर असं का झालं ते विचारतो. त्याचं उत्तर कुणाकडेही पुरतं नसतं. जबाबदारी पुढे बघते. उद्या या शरीराने काय करता यायला हवं, आणि कुणासाठी? मला घाट चढताना धाप लागू नये आणि आजीला उचलता यावं. पहिल्यासाठी पळायला हवं, दुसऱ्यासाठी वजनं उचलायला हवीत. कार्डिओ की वेट्स हा वाद इथे बराचसा विरून जातो, कारण तो 'वजन कमी करणं' हा हेतू धरूनच चालला होता.

तरी एक गोष्ट खुपते. 'शरीर कशाच्या उपयोगी' हाही शेवटी एक काटाच. काकांचं शरीर फार उपयोगी आहे, आणि त्याच उपयोगापायी त्यांना आताच जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आजी आता कुणालाच उचलू शकत नाही, म्हणून तिच्या शरीराची किंमत कमी होत नाही. हे मला अजून नीट सोडवता आलेलं नाही.

सध्या आठवड्यातून तीन दिवस उचलतो, दोन दिवस पळतो. आई डॉक्टरांना विचारून दोन किलोंचे डंबेल घेऊन आली आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजत व्यायाम करते. परवा लग्नात तिने गोळी सगळ्यांसमोर घेतली, तोंड न फिरवता.

मागच्या महिन्यात सांगलीला गेलो. आजी दारातच म्हणाली, "लई वाळलास की रं." माझं वजन चार किलोंनी वाढलेलं होतं.