मेलेल्यांच्या तोंडचा शब्द

माणूस गेल्यावर त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं वाईट, हे कुणालाही पटतं. शब्द त्याचेच ठेवायचे आणि त्यांत अर्थ मात्र आपला भरायचा, हेही तितकंच वाईट आहे, असं माझं मत आहे. हे आपण रोज करतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

मी नगरला इंग्रजी शिकवलं. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे 1611 चं इंग्रजी बायबल आणि 1662 चं इंग्रजी प्रार्थनापुस्तक मराठी पवित्र शास्त्राच्या शेजारीच फळीवर असायचं. त्या प्रार्थनापुस्तकात एक छोटी प्रार्थना आहे. आमच्या सगळ्या कामांत तू आम्हाला 'प्रिव्हेंट' कर, अशी देवाला विनंती आहे तिच्यात. आजच्या कानाला हे 'आम्हाला अडव' असं ऐकू येतं. लिहिणाऱ्याच्या मनात लॅटिन क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ 'पुढे येणं, आधी पोचणं' असा. माणूस देवाकडे वळण्याआधीच देवाची कृपा त्याच्यापर्यंत आलेली असते, ही संत ऑगस्टीनपासून चालत आलेली शिकवण त्या एका क्रियापदात आहे. अर्थ बदलला की ती शिकवणच पानावरून नाहीशी होते. आज 'होऊ देणं' असा अर्थ असलेल्या 'लेट'चं नेमकं उलट झालं. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की तुमच्याकडे यायचं मी पुष्कळदा ठरवलं, पण आजवर मला 'लेट' केलं गेलं. म्हणजे अडवलं गेलं. हा जुना 'लेट' अजून आपल्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यात तो अडथळा याच अर्थाने आलेला आहे.

असे शब्द वाचणाऱ्याला निदान ठेच तरी लावतात. वाक्य विचित्र वाटतं, आपण कोश उघडतो. खरा धोका असतो तो जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ वाक्यात बसतात तिथे. तिथे शंकाच येत नाही.

ऑगस्ट 1739 मधली ब्रिस्टलची एक भेट घ्या. एका बाजूला तिथले बिशप जोसेफ बटलर, धर्माच्या समर्थनार्थ मोठा ग्रंथ लिहिलेले, अतिशय तोलून बोलणारे. दुसऱ्या बाजूला जॉन वेस्ली, त्याच वर्षी देवळाच्या भिंती सोडून उघड्यावर, खाणकामगारांपुढे उपदेश करू लागलेला. त्याच्या सभांत माणसं ओरडत होती, जमिनीवर कोसळत होती. बटलर त्याला म्हणाले की पवित्र आत्म्याची विशेष प्रकटीकरणं आणि दानं 'प्रिटेंड' करणं ही भयंकर गोष्ट आहे. आजचं इंग्रजी जाणणारा वाचक याचं भाषांतर 'सोंग आणणं' असं करील, आणि बिशपांनी वेस्लीला तोंडावर ढोंगी म्हटलं, असा निकाल देऊन मोकळा होईल. त्या काळी 'प्रिटेंड'मध्ये सोंग होतंच, पण हक्क सांगणं, दावा करणं हाही अर्थ तितकाच चालू होता. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या बापलेकांना लोक 'प्रिटेंडर' म्हणत ते याच अर्थाने.

मग बटलरांच्या मनात कोणता? उत्तर वेस्लीच्या जबाबात आहे. तो म्हणतो की प्रत्येक ख्रिस्ती माणसाला मिळू शकेल आणि ज्यासाठी त्याने प्रार्थना करावी त्यापलीकडे कोणतंही विशेष प्रकटीकरण वा दान मी 'प्रिटेंड' करत नाही. म्हणजे तितक्यापुरतं मी 'प्रिटेंड' करतो, हे तो कबूल करतो. कुणी स्वतःबद्दल असं कबूल करील का की मी इतपतच सोंग आणतो? दोघंही दाव्याबद्दल बोलत होते. वाद होता तो माणसाला देवाविषयी किती दावा करता येतो याचा, आणि तो वाद खरा होता, दोन प्रामाणिक माणसांमधला होता. चुकीचा अर्थ लावला की त्याचं भांडण होतं.

बटलर इतके का बिथरले, हे कळायला आणखी एका शब्दाकडे जावं लागतं. तो शब्द आज नोकरीच्या प्रत्येक अर्जात असतो: 'एन्थुझिॲझम'. सॅम्युएल जॉन्सनचा दोन भल्यामोठ्या खंडांचा इंग्रजी कोश 1755 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दापुढे ग्रीक मूळ दिलेलं आहे आणि पहिलाच अर्थ असा की, देवाने आपल्यालाच खाजगीत काही प्रकट केलं आहे अशी पोकळ समजूत. आधाराला तत्त्वज्ञ लॉकचं वचन आहे: ही गोष्ट बुद्धीवर उभी नाही की ईश्वरी प्रकटीकरणावरही नाही, तापलेल्या, फुगलेल्या डोक्यातून ती निघते. कल्पनेची भरारी वगैरे सौम्य अर्थ त्याच्या खाली येतात. आपण ज्याला उत्साह म्हणतो त्याचा त्या पहिल्या अर्थात मागमूस नाही. आपल्याकडे सुशिक्षित घरातली बाई दुसऱ्या बाईबद्दल 'तिच्या अंगात येतं' असं हलक्या आवाजात म्हणते, तेव्हा त्या आवाजात जी भीती आणि जो तिरस्कार असतो, तो या शब्दात होता.

भीती उगाच नव्हती. 1656 मध्ये जेम्स नेलर नावाचा क्वेकर पंथाचा एक माणूस, येशूच्या यरुशलेम-प्रवेशासारखा घोड्यावर बसून भर पावसात शहरात शिरला. बरोबरच्या बायका स्तोत्रं गात होत्या. शहर ब्रिस्टलच. पार्लमेंटने त्याला फटके मारवले, त्याची जीभ तापल्या सळईने भोसकली, कपाळावर डाग दिला. 1661 च्या जानेवारीत ख्रिस्ताचं राज्य आणायला निघालेल्या मूठभर लोकांनी लंडनच्या रस्त्यांवर तलवारी उपसल्या. देव माझ्याशी बोलला, एवढ्या एका वाक्यावर राज्य उलथू शकतं, हे त्या देशाने पाहिलं होतं. त्याच ब्रिस्टलमध्ये बिशप असलेल्या बटलरांसमोर वेस्ली बसला होता.

आता याच्या शेजारी दुसरा कोश ठेवा. वेस्लीनेही एक लहानसा इंग्रजी कोश केला होता, जॉन्सनच्या दोन वर्षं आधी, 1753 मध्ये. त्याच्या अनुयायांना लोक 'मेथॉडिस्ट' म्हणत. त्याच्या कोशात 'मेथॉडिस्ट' म्हणजे बायबलने घालून दिलेल्या पद्धतीने जगणारा. जॉन्सनकडे याच शब्दाचा पहिला अर्थ आहे सिद्धान्तावर भिस्त ठेवून औषध देणारा वैद्य, आणि दुसरा नुकताच उपजलेल्या नव्या तऱ्हेच्या प्युरिटनांपैकी एक. जॉन्सन वेस्लीचा वैरी मुळीच नव्हता. त्याच्याशी बोलायला त्याला आवडे, आणि मेथॉडिस्ट उपदेशक गरिबांना कळेल असं साधं बोलतात म्हणून त्यांची त्याने वाखाणणीही केली आहे. तरी दोन भल्या माणसांच्या दोन पुस्तकांत एकच शब्द दोन जागी उभा आहे. कोश साक्षीदार असतो. न्यायाधीश नसतो.

म्हणूनच व्यासपीठावरून जेव्हा कुणी सांगतो की 'एन्थुझिॲझम'चा खरा अर्थ 'आत देव असणं', तेव्हा मला राहवत नाही. हे प्रवचनांत ऐकलं आहे, कॉलेजातल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतही ऐकलं आहे. ग्रीक व्युत्पत्ती बरोबर आहे. पण खरा अर्थ म्हणजे काय? ज्या शब्दाच्या नावाखाली माणसांचे उपहास झाले, ज्याच्या भीतीने सभा उधळल्या गेल्या, त्याच्या मुळाशी एक गोड गोष्ट सापडली म्हणून मधली शतकं खोटी ठरतात का? आपल्या पंडितांनी याचा विचार फार पूर्वी केला आहे. योगापेक्षा रूढी बलवान, असं ते मानत आले. शब्द कशापासून बनला यापेक्षा लोक त्याने काय समजतात हे वरचढ. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे असं मानणारे मीमांसक मात्र जॉन्सनचं म्हणणं ऐकून अस्वस्थ झाले असते. भाषा एका जागी थांबवावी या उमेदीने त्याने काम हाती घेतलं होतं. पुरं होईतो त्याची खात्री झाली की ते कुणाच्या हातात नाही, आणि तसं त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलं.

अर्थ वाहता आहे, मग कोणता धरायचा? मला याचं उत्तर भाषाशास्त्रात सापडत नाही, दहा आज्ञांत सापडतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मेलेल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. किंबहुना त्याला जास्तच, कारण तो उठून 'मला असं म्हणायचं नव्हतं' हे सांगू शकत नाही. बटलरांचा 'प्रिटेंड' बटलरांच्या अर्थाने वाचणं हे पांडित्य नाही, त्यांचं देणं आहे ते.

प्रार्थनेचं काय, असा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने एकदा घातला. ती 'प्रिव्हेंट'ची प्रार्थना कित्येक वर्षं 'देवा, मला अडव' अशाच समजुतीने म्हणत आली. "ताई, मग माझी प्रार्थना पोचलीच नाही का गं?" पोचली, यात मला तिळमात्र शंका नाही. देवाला कोश लागत नाही. ज्ञानेश्वरीचं पारायण करणाऱ्या कितीतरी वारकऱ्यांना प्रत्येक ओवीतला प्रत्येक शब्द उलगडत नसेल. त्यांची भक्ती त्यामुळे उणी होत नाही. पण एकनाथांनी शके 1506 मध्ये त्याच ग्रंथाची पाठशुद्धी केली, तीही भक्तीच. देव समजून घेतो म्हणून आपण समजून घ्यायचं नाही, असं होत नाही. देवळातल्या सामुदायिक उपासनेत शब्द बदलावेत, आजच्या माणसाला आजचं इंग्रजी द्यावं, या मताची मी आहे. जुनं पुस्तक मात्र वाचायचं असेल तर त्याच्याच अर्थाने वाचावं.

जॉन्सनने कोशाचा दुसरा खंड 3 एप्रिल 1753 रोजी सुरू केला, तेव्हा एक प्रार्थना लिहून ठेवली. पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं, तो खचला होता. आजवर तू मला सांभाळलंस, हे काम पुढे नेण्याचं बळ दे, अशी विनवणी आहे; आणि शेवटच्या दिवशी मला सोपवलेल्या 'टॅलेंट'चा हिशेब देईन तेव्हा मला क्षमा मिळो. आजच्या अर्थाने हे वाक्य लागतच नाही. अंगच्या गुणाचा हिशेब कोण कुणाला देतो, आणि क्षमा कशाची? जॉन्सनच्या कानात मत्तयाच्या शुभवर्तमानातला दाखला होता. परदेशी निघालेला धनी चाकरांच्या हाती चांदी वजनाने सोपवून जातो. 'टॅलेंट' हे त्या वजनाचं नाव, आणि आजचा गुण हा अर्थ त्या दाखल्यातूनच निघालेला. एक चाकर ती चांदी जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत येतो आणि एकेकाला बोलावून हिशेब मागतो.