कपड्यावरून पाडलेली नावं



माणसाला त्याच्या अंगावरच्या कपड्यावरून नाव ठेवायचा अधिकार कुणाला आहे? प्रश्न साधा वाटेल. इथं जमिनीचा प्रश्न पेटलाय, नोकऱ्यांचा पेटलाय, आणि हा कपड्यांचं काय घेऊन बसलाय, असंही कुणी म्हणेल. पण ज्यांच्या बापजाद्यांना मढ्यावरचं कापड हक्क म्हणून मिळालं, त्यांनी तरी हा प्रश्न किरकोळ समजू नये.

मराठीत कपड्यावरून माणूस मोजायच्या शब्दांची एक पेटी आहे. तिला तीन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात पांढरपेशा, पगडीवाला, टोपीवाला, पोशाखी, टापटीप. खालच्या कप्प्यात फाटका, लंगोट्या, गबाळा, चिंधीचोर. ज्याच्याकडं आहे तो वर, ज्याच्याकडं नाही तो खाली. इथवर हिशेब सरळ आहे. खरी गोम तिसऱ्या कप्प्यात. खालचा माणूस वरच्यासारखा नेसला की हा कप्पा उघडतो. मग शब्द निघतात : भडक, भपकेबाज, नटवी, हिरो, शायनिंग मारतोय, लई साहेब झालाय. आणि अलीकडं शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी बसलेला शब्द, छपरी.

फाटका म्हणताना निदान थोडी कीव असते. तिसऱ्या कप्प्यातल्या शब्दात कीव नाही, धाक आहे. तू आमच्यासारखा दिसू नकोस, हा तो धाक.

हा धाक आजचा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय ल्यावं ते लिहून ठेवलंय : कपडे प्रेताचे, दागिने लोखंडाचे. म्हणजे कपडा ही हौसेची गोष्ट नव्हती, ती ओळखपाटी होती. लांबून दिसलं पाहिजे, कोण येतोय ते. त्रावणकोरात नाडार बायकांना छाती झाकायची परवानगी मिळायला १८५९ साल उजाडावं लागलं. ती मिळाली तीसुद्धा अट घालून : वरच्या जातीच्या बायका घेतात तशा पद्धतीनं वस्त्र घ्यायचं नाही. नीट बघा. अंग झाकायला हरकत नाही, सारखं दिसायला हरकत आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन' या भाषणात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ च्या सुमाराची. गावच्या सवर्णांनी बलाईंवर नियम लादले. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नियम मानले नाहीत तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी बंद, गुरं चारायला बंदी, शेतात जायला वाट बंद. धोतराचा एक काठ, त्यासाठी एवढं! काठ दोन बोटांचा. पण त्या दोन बोटांनी वरचा कोण, खालचा कोण हे ओळखेनासं होत होतं.

मुंबईतल्या गिरण्यांची गोष्टही हीच. आपले लोक सूतखात्यात राबले, पण विणाई खात्यात, साच्यावर त्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि विटाळ व्हायचा! साच्यावर पगार जास्त, म्हणून विटाळही तिथंच जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. ज्या हातांनी सूत कातलं त्यांना कापड विणू दिलं नाही, आणि तेच कापड अंगावर चढलं की विचारायचं, "कुणी दिलं रे?"

या "कुणी दिलं रे" मध्ये सगळं आलं. याच्या अंगावर धड कपडा आहे म्हणजे तो कुणीतरी दिलेलाच असणार. जुनेर असणार, उतरवून टाकलेलं असणार. यानं घामाच्या पैशानं दुकानात जाऊन, निवडून, माप घेऊन घेतला असेल हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. आपल्या बाईच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी घाण होतो. जुनेर नेसली तर मळकट, गबाळी. धड लुगडं नेसली तर नटवी, आणि मग पैसा कुठून आला याची कुजबुज. थेट तिच्या अब्रूवर. पुरुषाला एक शब्द पडतो, बाईला दोन्हीकडून पडतो.

म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी लुगड्याबद्दल बोलले, ते काही घरगुती टिपणी म्हणून नाही. गुडघ्याच्या वर लुगडं नेसू नका, वरच्या जातीच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, गळ्याहातातले ते कथलाचे जड दागिने टाका, कपडा फाटका असेल तर असू दे पण स्वच्छ असू दे, असं त्यांनी सांगितलं. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली होती. मी तर म्हणतो, दोन्ही गोष्टी एकच. ग्रंथ जाळला आणि ग्रंथानं अंगावर चिकटवलेली ओळखपाटीही उतरवली.

काही शहाणे इथं म्हणतात, ही तर नक्कल झाली. बामणीण दिसायची हौस! गांधीजींनी १९२१ साली अंगावरचे कपडे टाकून पंचा नेसला तो त्याग, आणि तुमच्या बाबासाहेबांचा सूट मात्र साहेबी थाट? याला उत्तर सोपं आहे. टाकायला आधी असावं लागतं. ज्याच्यापाशी बॅरिस्टरचा कोट होता त्यानं तो टाकला तर लोक त्याला महात्मा म्हणतात. आमच्या बापानं जन्मभर लंगोटी नेसली, त्याला कुणी महात्मा म्हटलं नाही. लंगोट्याच म्हटलं. एकच कपडा, पण एकाच्या अंगावर तो व्रत होतो आणि दुसऱ्याच्या अंगावर शिवी. म्हणजे अर्थ कपड्यात नाही, माणसाच्या जागेत आहे. आणि नकलेचं म्हणाल, तर धड नेसणं ही कुणाच्या मालकीची कला नाही. जे सगळ्यांचं आहे ते घ्यायला कुणाची नक्कल करावी लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली. पांढरपेशा हा शब्द तोवर ठराविक घरांचा होता. त्या दिवशी पांढरा रंग शेतमजुरानं, हमालानं, झाडूवालीनं नेसला. धुऊन, नीळ देऊन नेसला. शब्दकोश मात्र बदलला नाही. पांढरपेशा अजून त्यांनाच म्हणतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. मग कायदा बघा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे, असं त्यात लिहावं लागलं. कुठल्या स्मृतीत नव्हे, एकविसाव्या शतकातल्या संसदेत. आणि लिहून तरी काय? २०१८ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात तेरा वर्षांच्या पोराला मोजडी घातली म्हणून मारलं. २०२३ मध्ये बनासकांठ्यात एका तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारलं. आपल्याकडची म्हण काय सांगते? पायातली वहाण पायातच बरी. वहाण शिवणाऱ्यानं ती घालून वरच्या आळीतून जायचं नाही, हातात घेऊन जायचं, हे आपल्या म्हाताऱ्यांनी भोगलंय.

कायदा उगारलेला हात पकडू शकतो. जीभ कोण पकडणार? मारणारा मारायच्या आधी नाव ठेवतो. "लई हिरो झालास काय?" हे आधी, काठी मागनं. म्हणून ही नावं गंमत नाहीत. ती काठीची पूर्वतयारी आहे.

मग या शब्दांचं करायचं काय? आपल्यातले काही मित्र म्हणतात, घेऊन टाकू. शिवीचाच बिल्ला करू. छपरी म्हणता ना? आहोत आम्ही छपरी! ही भूमिका ऐकायला कडक वाटते, पण तपासून घेतली पाहिजे. 'दलित' शब्द आपण घेतला, कारण तो आपल्यावर काय केलं गेलं ते सांगतो. दळलेला म्हटलं की दळणारा कोण हा प्रश्न उभा राहतो. तो शब्द बोट त्यांच्याकडं वळवतो. छपरी कुणाकडं बोट करतो? छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याकडं. गवताच्या, पत्र्याच्या छपराखालचा माणूस नटला म्हणून हसायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद ही एक जात आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला. पण भामटा हे त्याच यादीतल्या एका जातीच्या नावात आहे आणि आपण सगळे ते ठकाला वापरतो. तेव्हा कसोटी अशी लावावी : जो शब्द जुलमाचं नाव सांगतो तो घ्या, जो शब्द गरिबीलाच गुन्हा ठरवतो तो टाका. एखाद्या पोरानं स्वतःला हसत छपरी म्हटलं तर ते त्याचं त्यानं बघावं. दुसऱ्याला म्हणायचा हक्क त्यातून मिळत नाही.

आता अवघड भाग. ही पेटी फक्त त्यांच्या घरात नाही. आपल्या बैठकीत केस रंगवलेला, घट्ट पँट आणि नकली कंपनीचे बूट घातलेला वस्तीतला पोरगा येतो, तेव्हा मागच्या रांगेत खुसखुस होते. तो पुन्हा येत नाही. आणि बँकेत लागलेला भाऊ टाय लावून जयंतीला आला की आपणच म्हणतो, बघा, आमचा दलित ब्राह्मण. म्हणजे एकाला खालच्या कप्प्यातला शब्द आणि दुसऱ्याला तिसऱ्या. दोघंही आपलेच, दोघंही चळवळीतून उठून गेले. नुकसान कुणाचं?

याचा अर्थ कपड्याबद्दल बोलायचंच नाही असा नाही. हप्त्यानं बूट घेऊन घरात पीठ नसेल तर बोललं पाहिजे. बँकेतला भाऊ वस्तीत यायला लाजत असेल तर जाब विचारला पाहिजे. पण मग कर्जाबद्दल बोला, लाजेबद्दल बोला. तोंडावर बोला, पूर्ण वाक्यात बोला. नाव ठेवणं म्हणजे वाक्य टाळणं. एका शब्दात माणूस निकालात काढला की त्याच्याशी बोलायची जबाबदारी संपते, आणि जातीनं आपल्याशी हजारो वर्षं नेमकं हेच केलं. आपल्याला त्यांनी एका शब्दात संपवलं होतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करा. आपापल्या वस्तीत, कॉलेजात, कारखान्यात कपड्यावरून कुणाला काय म्हणतात ते सगळे शब्द फळ्यावर लिहा. समोर लिहा : कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं. मग त्यातले आपल्या तोंडचे किती ते मोजा. आणि तो रंगवलेल्या केसांचा पोरगा, त्याला बोलवायला कुणीतरी त्याच्या घरी जा.