पणजीचं माहेरचं नाव

काशीच्या बालाजी घाटावरच्या देवळात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत. त्यांचं मूळ नाव कमरुद्दीन. नातू पाहताच आजोबांच्या तोंडून ‘बिस्मिल्ला’ निघालं आणि तेच जन्मभर राहिलं, असं सांगतात. घाट पेशव्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि पेशव्यांच्या घरातही नावं आजोबांकडूनच यायची. थोरल्या बाजीरावांचं पाळण्यातलं नाव विसाजी, म्हणजे आजोबा विश्वनाथपंतांचं. बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी.

बायकांच्या नावांना मात्र असा वारसा मिळाला नाही. जवळच्याच मणिकर्णिका घाटावरून मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाईंनी काशीत जन्मलेल्या मुलीचं नाव मणिकर्णिका ठेवलं. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव त्या दिवशी संपायचं. ही रीत घरोघर होती. म्हणून आपल्याला पणजोबांचं नाव पाठ असतं आणि पणजीचं माहेरचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

काशी, गंगा, भागीरथी, अन्नपूर्णा, बायजा ही नावं मला परत हवी आहेत. ज्ञानवापीचा मंडप बांधणाऱ्या, ग्वाल्हेरचा कारभार हाकणाऱ्या शिंद्यांच्या बायजाबाईंचं नाव आज कुठल्या मुलीला आहे? ‘बाई’ गळू द्या. नुसतं ‘बायजा’ म्हणून बघा, किती ठसठशीत आहे! ही नावं उच्चाराला जड म्हणून गेली, हे मला पटत नाही. नाटक-सिनेमांनी गंगू मोलकरणीला दिली आणि रामा घरगड्याला. शहरी मध्यमवर्गाने आपल्या मुलांवर ती छाया नको म्हणून नावं टाकली. दोष नावाचा नव्हता, कष्टाला कमी लेखणाऱ्या नजरेचा होता.

जुनं म्हणून सगळंच उचलावं, असंही नाही. मुलं जगत नसत त्या काळात धोंडू, दगडू ही नावं ठेवली जात. त्यामागे आईची भीती होती आणि मायाही. धोंडो केशव कर्व्यांनी ते नाव उजळून टाकलं. पण ‘नकुशी’ कधीही परत येऊ नये. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये जाहीर समारंभात २८५ मुलींना त्या नावाऐवजी नवी नावं मिळाली. ते बारसं उशिरा झालं, पण झालं हे फार बरं.

जिजा, रमा, मुक्ता पुन्हा ऐकू येऊ लागल्या आहेत. तेव्हा काशी आणि भागीरथीलाही जागा आहे. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना एवढंच सांगणं: फोनवरच्या याद्या चाळण्याआधी आजीजवळ बसा. तिचं लग्नाआधीचं नाव विचारा, तिच्या आईचं विचारा, आठवत असेल तर आजीचंही. त्यातलं एखादं आत्याच्या हाती द्या, बाळाच्या कानात सांगायला.