शेकडेवारीचा तास

नोव्हेंबर 1918 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी पितो, यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. आदल्याच वर्षी बडोद्याच्या कचेरीत हाताखालचे लोक त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. राहायला छप्पर मिळेना, म्हणून ती नोकरी सोडून त्यांना परतावं लागलं होतं. सिडनहॅमच्या विद्यार्थ्यांनीही सुरुवातीला या नव्या प्राध्यापकाला फारसं मनावर घेतलं नाही. पण थोड्याच काळात त्यांचे तास गच्च भरू लागले. दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून ऐकायला येऊ लागली. वर्गात त्यांचं शिकवणं कुणाला अडवता आलं नाही.

त्यांनी जे सोसलं ती अस्पृश्यता होती. आजच्या एखाद्या शाळेतल्या जाचाला त्याच्या शेजारी नेऊन बसवणं बरोबर नाही, आणि मला ते करायचंही नाही. तरी नरखेड तालुक्यात शिकवणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा विचार करताना मला सिडनहॅमचा तो वर्ग सारखा आठवतो.

या बाई आधी दुसऱ्या एका शाळेत होत्या. तिथं त्यांना कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांचं नाव काढलं गेलं आणि मग बैठकीची वेळ ठाऊक नव्हती म्हणून त्यांनाच ज्ञापन मिळालं. सगळ्यांच्या टाचण वह्या महिन्यातून एकदा बघितल्या जात, यांची रोज. परिपाठाच्या वेळी मुलांसमोर टोमणे. मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये आल्या की चाललेलं बोलणं थांबे. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सांगितली तर ऐकणारा म्हणतो, एवढंच ना? हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये नेमका याच छळाचा अभ्यास केला. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चालणारा असा त्रास त्यांनी छळ मानला. कामाच्या ठिकाणच्या या छळाविरुद्ध स्वीडननं 1993 मध्ये नियमही केले. आपल्याकडे खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे. बडतर्फ केलं किंवा पदावनती केली तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे. पण बोलणं तोडणं, रोज चारचौघांत पाणउतारा करणं, यासाठी वेगळा कायदा नाही. म्हणूनच तारीख-वार टिपून ठेवावं, प्रत्येक ज्ञापनाला लेखी उत्तर द्यावं, दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी. बाईंनी हे सगळं केलं, आणि ते योग्यच होतं. त्यानं त्यांची नोकरी वाचली. शिकवण्याची गोडी मात्र परत आली नाही.

नव्या शाळेत आल्यावरही त्या बरेच दिवस भिऊनच शिकवत होत्या. धडा संपवायचा, सही घ्यायची, घरी जायचं. मुलानं प्रश्न विचारला तरी आधी दाराकडे बघायच्या, कुणी ऐकत तर नाही ना. जाच सोसलेल्या शिक्षकाचं हे नुकसान वरून दिसत नाही. त्याचा आवाज आणि हजेरी जागेवर असते, पण मुलांपुढे मोकळं होण्याचं धाडस गेलेलं असतं. मुलांना ते लगेच कळतं.

नरखेडकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात संत्र्याच्या बगीच्यात फळगळ सुरू होते. घराघरात तोच विषय असतो. सहावीला शेकडेवारी चालू होती आणि पुस्तकातल्या नफा-तोट्यात मुलांचं लक्ष लागेना. बाई म्हणाल्या, आपापल्या बगीच्यातलं एक झाड निवडा, खाली पडलेली फळं मोजा, झाडावरची अंदाजानं मांडा, शेकडा किती गळली ते काढून आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गलका. ज्यांचा स्वतःचा बगीचा नव्हता ती मुलं आईबाप जिथे मजुरीला जातात तिथली झाडं मोजून आली होती. एका पोरानं विचारलं, "मॅडम, आबाजीनं दोन ओळीलेच औषध मारलं, त्या ओळीतली येगळी मोजू का जी?"

कृषी महाविद्यालयात शिकवतात ती प्रयोगाची पद्धत त्या पोरानं आपल्या डोक्यानं शोधली होती. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. आपण त्या दिवशी दाराकडे एकदाही पाहिलं नाही, हे त्यांना घरी गेल्यावर लक्षात आलं.

शिक्षकाला कामाचा आनंद कुठून मिळतो, याचं उत्तर मला त्या दोन रकान्यांत दिसतं. वरिष्ठांची शाबासकी मिळावी, सहकाऱ्यांनी मान द्यावा, हे वाटणं माणसाचं आहे आणि ते मिळायलाही हवं. पण ते देणाऱ्यांच्या हातात असतं, उद्या काढून घेता येतं. मुलाच्या डोक्यात आज जे उजाडलं ते कोणत्याही ज्ञापनानं परत घेता येत नाही. बाईंना आपल्या कामाची ही दुसरी मोजणी सापडली आणि जुन्या शाळेतली माणसं त्यांच्या दिवसातून हळूहळू मागे पडली. जखम भरली असं त्या म्हणत नाहीत. मीही म्हणणार नाही.

एक गोष्ट मला फार लागते. जुन्या शाळेत त्रास देणारे दोघंच होते. बाकीचे चांगले होते आणि गप्प होते. निघताना त्यांतल्या एकीनं हात धरून सांगितलं म्हणे, "मला सगळं दिसत होतं हो." हे वाक्य वेळेवर, बैठकीत, सगळ्यांसमोर बोललं गेलं असतं तर एका चांगल्या शिक्षिकेची उमेदीची वर्षं अशी गेली नसती. आनंद परत मिळवण्याचं सगळं ओझं ज्यानं सोसलं त्याच्यावरच टाकणं न्यायाचं नाही.

तुमच्या शाळेत कुणी मधल्या सुट्टीत एकटंच डबा खात असेल, तर उद्या त्यांच्या शेजारी जाऊन बसा. आणि पुढच्या बैठकीत त्यांच्यावर खोटा ठपका ठेवला गेला, तर उभे राहून सांगा की मी तिथे होतो, असं घडलेलं नाही.